एकशे दहा, सत्तर

२ मार्च

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्य डॉक्टरांनी, आज सगळ्यांना फैलावर घेतलं, आणि तेही बातमी चांगली असताना. अभ्यासाचे पहिले आकडे हातात आले होते. ज्या गरोदर बायकांना आम्ही रक्तदाब मोजायचं मशीन घरी दिलं, त्यांच्यात शेवटच्या घटकेला धावतपळत दवाखान्यात येणाऱ्या निम्म्याहून कमी झाल्या आहेत. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवत होते. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "मध्येच आकडे पाठवायच्या थांबल्या त्या अकरा जणी यात कुठे आहेत?"

त्या यात नव्हत्याच. मी वगळल्या होत्या. आकडेच नाहीत तर मोजायचं काय, असा माझा साधा हिशेब.

"गप्प झाल्या म्हणजे बऱ्या आहेत असं तुला कोणी सांगितलं? हा आजारच मुळात गप्प असतो. दुखत नाही, खुपत नाही, बाई हसतखेळत असते आणि एक दिवस झटके येऊन पडते. म्हणून तर आपण हे काम करतोय. आणि तू गप्प बसलेल्यांनाच बाहेर ठेवतेस?"

कान लाल झाले माझे. पण राग नाही आला. दुसरी कोणी असती तर हा निकाल चौकटीत घालून भिंतीवर टांगला असता. या बाईंनी हातातोंडाशी आलेला घास खाली ठेवला आणि म्हणाल्या, आधी त्या अकरा जणींना शोधा.

शोधायचं काम अर्थात माझ्याकडे. उद्यापासून मी दारोदार.

८ मार्च

अकरापैकी नऊ सापडल्या. दोघी गाव सोडून गेल्यात, त्यांचे फोन लागत नाहीत. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, लागेपर्यंत लाव.

नवव्या बाईचा किस्सा लिहून ठेवते. कपडे धुण्याच्या दुकानात इस्त्री करते. तिचं मशीन कपाटावर धूळ खात होतं. "का गं बंद केलंस?" तर म्हणाली, "ताई, ते मोठमोठे आकडे दाखवायला लागलं. बिघडलं असणार. मला तर काही होत नव्हतं." बरं झालं, तिच्या शेजारणीने जबरदस्तीने दवाखान्यात नेली. बाळ लवकर झालं, पण दोघं सुखरूप. मी तिला म्हटलं, "अगं, तोंडाला काळं लागलं म्हणून कोणी आरसा फोडतं का?" ती बिचारी ओशाळून हसली. बाहेर पडल्यावर मी पण हसले. काय एकेक नग भेटतात.

या नऊ जणी धरल्यावर आमचा निकाल अर्धा राहिला. बाई मात्र खूश. "आता खरा दिसतोय," म्हणाल्या.

१५ मार्च

सहावा महिना संपत आला. पोट टेबलाला लागतं, त्यामुळे मी हल्ली तिरकी बसून लिहिते. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर, आम्ही आशा सोडून मांजर आणायच्या गोष्टी करत असताना दिवस गेले. नवरा अजून मधूनच माझ्याकडे बघून स्वतःशीच हसतो. तो लिफ्ट दुरुस्त करतो. मी म्हटलं, तुझं सगळं आयुष्य वर-खाली करण्यात गेलं, आता जरा एका जागी बसायला शीक.

ऑफिसात मला सगळे 'मापटं' म्हणतात. नाव पोटावरून पडलेलं नाही, त्याच्या कितीतरी आधीचं आहे. माझा रक्तदाब वर्षानुवर्षं एकच: एकशे दहा, सत्तर. चिडले तरी तेवढाच, झोपेतून उठले तरी तेवढाच. एकीकडून परत आलेलं मशीन दुसरीला द्यायच्या आधी ते बरोबर चालतंय ना, हे बघावं लागतं. त्यासाठी एक खास यंत्र आहे, पण ते प्रमाणपत्रासाठी बाहेर गेलंय आणि तिकडेच रमलंय. तेव्हापासून आमचे तंत्रज्ञ, म्हणजे यंत्रदादा, मशीन घेऊन थेट माझ्याकडे येतात. दंडाला पट्टा बांधायचा, बटण दाबायचं. एकशे दहा, सत्तरच्या जवळपास आकडा आला की मशीन पास. दहाच्या वर फरक पडला की नापास, रवानगी दुरुस्तीला.

पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मोठ्या बाई खळखळून हसल्या होत्या. "हिच्याइतकं भरवशाचं माप बाजारात मिळायचं नाही," म्हणाल्या. ते वाक्य मी घरी जाऊन नवऱ्याला तीनदा ऐकवलं होतं.

२९ मार्च

काही विशेष नाही. पाय जड झालेत. सासूबाई म्हणतात, चेहरा छान भरलाय, तेज आलंय. इतकी वर्षं मला "काडी" म्हणणाऱ्या बाईकडून ही मोठीच पदवी. मी आरशासमोर जरा जास्तच वेळ उभी राहिले.

७ एप्रिल

बारा नंबरचं मशीन नापास. एकशे बत्तीस, चौऱ्याऐंशी दाखवत होतं. दादा म्हणाले, "ज्या घरातून आलं तिथे लहान पोरं आहेत. आपटलं असणार." बाजूला काढलं.

माझी तपासणीची तारीख परवा होती. पण परवा नव्या पंचवीस बायकांचं प्रशिक्षण आहे, मीच शिकवायची. तारीख पुढे ढकलली. नाहीतरी माझं रक्तदाबाचं काम इथे आठवड्यातून दोनदा होतंच, तेही फुकट. नवऱ्याला हे सांगितलं तर त्याने फक्त "हं" म्हटलं. त्याच्या "हं"चे सात प्रकार आहेत. हा मला ओळखू आला नाही.

९ एप्रिल

प्रशिक्षण झकास झालं. पंचवीस बायका, पंचवीस पोटं, हॉलमध्ये हवा पुरेना. मी शिकवलं: खुर्चीला टेकून बसायचं, पाय जमिनीला सपाट, पाच मिनिटं गप्प, मग पट्टा. त्यातल्या "पाच मिनिटं गप्प" ला सगळ्या हसल्या. एक म्हणाली, "ताई, घरात मला पाच मिनिटं कोण बसू देणार?" ही बसमध्ये कंडक्टर आहे. आवाज असा की शेवटच्या सीटवरचा माणूसही पास काढून दाखवेल.

मग बाई उठल्या आणि त्यांचा तो नियम सांगितला, जो ऐकला की मला दरवेळी गहिवरून येतं. "आकडा आला की तो आधी तुम्हाला कळणार. नवऱ्याला नाही, सासूला नाही, मला नाही. शरीर तुमचं, आकडा तुमचा. समजला नाही तर कितीही वेळा विचारा." एवढ्या नावाजलेल्या बाई, देशोदेशीचे लोक त्यांना बोलवतात, पण त्या बायकांसमोर खुर्ची ओढून, गुडघ्याला गुडघा लावून बसतात. मला त्यांच्यासारखं व्हायचंय. या जन्मी जमेल असं वाटत नाही.

१४ एप्रिल

पाच नंबर पण नापास. एकशे अडतीस, अठ्ठ्याऐंशी. दादा वैतागले, "ही खेपच भिकार निघाली." त्यांना नळीत गळती असल्याचा संशय आहे. दुरुस्तीवाल्यांकडे दोन्ही मशीनं पाठवली. प्रतीक्षेत असलेल्या दोघींना फोन करून सांगितलं, थोडं थांबा. मला वाईट वाटलं. एक तर तिसऱ्यांदा विचारत होती.

अंगठी बोटातून निघेना. साबण लावून काढली. सासूबाईंनी ती डब्यात ठेवली आणि म्हणाल्या, "बाळ झालं की घाल."

१८ एप्रिल

डोकं दिवसभर ठणकतंय. कॉम्प्युटरसमोर बसून बसून असं होणारच. चष्म्याचा नंबर वाढला असेल. छातीखाली जळजळ पण आहे. सासूबाई म्हणतात, बाळाला जावळ भरपूर असलं की जळजळतं. तसं असेल तर माझं बाळ केसांचा टोप घालूनच येणार आहे.

सात नंबर पास झालं! एकशे एकोणीस, सत्त्याहत्तर. काठावर, पण पास. दादांना मी म्हटलं, बघा, सगळीच खेप काही वाईट नाही.

२४ एप्रिल

आज जे झालं ते झोपायच्या आधी लिहून ठेवते.

दुपारी कंडक्टरबाईचा आकडा आला: एकशे बासष्ट, एकशे आठ. मी फोन लावला. मागे इंजिनाची घरघर, घंटी. "ताई, बस भरलीय, शेवटच्या थांब्यावर पोचले की बघते." मी विचारलं, डोकं दुखतंय का? "थोडं." डोळ्यांपुढे काजवे? "हो, सकाळपासून. उन्हानं असेल." छातीखाली दुखतंय? "जळजळतंय जरा. पण त्याला काय, सगळ्यांनाच होतं."

मी ओरडलेच. "सगळ्यांना होत नाही! बस गेली खड्ड्यात! आहेस तिथे उतर, मी गाडी पाठवते!" आख्ख्या ऑफिसने माना वर केल्या. नंतर कळलं, तिने फोन स्पीकरवर ठेवला होता, त्यामुळे आख्ख्या बसनेही ऐकलं. ड्रायव्हरने बस सरळ दवाखान्याच्या दारात आणून उभी केली, प्रवाशांसकट. एकाही माणसाने कुरकुर केली नाही म्हणे. मला ते ऐकून रडू आलं.

अर्ध्या तासात तिला औषध सुरू झालं. मोठ्या बाई स्वतः उभ्या होत्या. संध्याकाळी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आज तू एक घर वाचवलंस." मी तरंगतच घरी आले. पाय इतके सुजलेत की बूट निघेनात. नवऱ्याने खाली बसून, ओढून काढले. त्याला मी सगळी गोष्ट सांगत होते. तो ऐकता ऐकता माझ्या पायाकडे बघत होता. बोटाने दाबलं तर खळगा पडून तसाच राहिला. म्हणाला, "तू दाखवून ये ना एकदा." मी म्हटलं, अरे, दिवसभर उभी होते. पुढच्या आठवड्यात तारीख आहेच.

२९ एप्रिल

कंडक्टरबाईला भेटायला वॉर्डात गेले. मुलगा झालाय, लहानखुरा, पण आवाज आईवर गेलाय. ती पलंगावर राणीसारखी बसली होती. माझे हात हातात घेऊन बसली, मग हात सोडून माझ्या पायांकडे बघायला लागली, मग परत तोंडाकडे.

"ताई, आम्हाला तुम्ही बघता. तुम्हाला कोण बघतं?"

"मला मशीनं बघतात," मी म्हटलं. ती हसली नाही. मग म्हणाली, "मोठ्या बाईंचा नंबर द्या ना. आभार मानायचेत." बाई रोज तिच्या पलंगापाशी येतात, तिथेच मान की आभार. पण बाळंतिणीचा हट्ट, दिला नंबर.

परत आले तर दादा अठरा नंबर घेऊन बसलेले. एकशे शेहेचाळीस, शहाण्णव. तिसरं! दादांनी कपाळावर हात मारला. उद्या ते कंपनीला खरमरीत पत्र लिहिणार आहेत. मी म्हटलं, लिहा, सोडू नका. इथे बायकांच्या जिवाचा प्रश्न आहे आणि हे लोक रद्दी विकतात.

३० एप्रिल

आज तपासणीला जाणार होते, डोकं इतकं दुखत होतं की घरीच पडून राहिले. सोमवारी जाईन.

९ मे

आज दहाव्या दिवशी लिहितेय. नर्सने वही द्यायला परवानगी दिली, पण जास्त नाही, असं बजावून. क्रमाने लिहिते.

एक मेची सकाळ. मी ऑफिसात गेले, कारण दादांनी चौथं मशीन तपासायला ठेवलं होतं. पट्टा बांधला. एकशे चौसष्ट, एकशे आठ. दादा म्हणाले, "संपलं. चारही भंगार." आणि तेवढ्यात दारात मोठ्या बाई. त्या कधी यंत्रांच्या खोलीत येत नाहीत. सकाळी नवाला तर मुळीच नाही, तेव्हा त्यांचा राउंड असतो. त्या दिवशी कशा आल्या कोण जाणे. माझं नशीब म्हणायचं.

आल्या त्या आधी माझ्या पायांकडे बघत आल्या.

"काय चाललंय?"

दादांनी सांगितलं. चौथं मशीन गेलं, खेपच खराब आहे. बाईंनी माझ्या दंडावरचा पट्टा सोडला आणि स्वतःच्या दंडाला बांधला. एकशे अठ्ठावीस, ऐंशी. "माझा एवढाच असतो," म्हणाल्या. मग दादांच्या दंडाला बांधला. त्यांचाही आला तो त्यांचा नेहमीचाच. दादांचा चेहरा पांढरा पडायला लागला. मला अजूनही कळलं नव्हतं. देवाशपथ, मी त्या क्षणी विचार करत होते की हे मशीन मध्येच बरं कसं झालं.

"ते खास यंत्र अजून आलं नाही?" बाईंनी विचारलं. दादांनी मान हलवली. "आणि तोवर तुम्ही हिच्यावर...? अजूनही?"

बाईंनी कपाटातून जुनं पाऱ्याचं यंत्र काढलं. मला खुर्चीला टेकून बसवलं, पाय सपाट ठेवायला लावले, आणि स्वतः समोर गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. पाच मिनिटं कोणी बोललं नाही. मग त्यांनी कानाला स्टेथोस्कोप लावून, हाताने हवा भरून मोजलं. पुन्हा मोजलं.

"एकशे सहासष्ट, एकशे दहा," त्या म्हणाल्या. "तुझा आहे. समजला?"

मला समजला. हॉलमध्ये उभी राहून मी पंचवीस-पंचवीस बायकांना जे शिकवलं, ते सगळं एकदम समजलं. डोकं, जळजळ, अंगठी, बूट. इस्त्रीवाली. माझ्या तोंडून काय निघालं असेल? "पण बाई, माझा एकशे दहा, सत्तर असतो हो!"

"असायचा," बाई म्हणाल्या, आणि मला मिठी मारली. या बाई कोणाला मिठी मारत नाहीत.

१० मे

पुढचं लिहिते. त्याच दिवशी दाखल केलं. लघवीत प्रथिनं भरपूर. झटके येऊ नयेत म्हणून सलाइनमधून औषध दिलं. ते अंगात जाताना सगळ्या शरीराला आतून चटका बसतो. मी बायकांना सांगायचे, "थोडं गरम वाटेल." थोडं! बरी झाले की हे वाक्य आधी बदलणार आहे.

बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं दिली. बाई म्हणाल्या, "जितके दिवस पोटात राहील तितकं चांगलं, पण तुझ्या जिवाच्या किमतीवर नाही." नवरा त्यांना म्हणाला, "दोघांपैकी एकाचं काही... म्हणजे, तसं विचारायची वेळ आली तर..." बाई म्हणाल्या, "ती. असं विचारायची वेळ येऊ नये म्हणून मी इथे आहे. पण विचारलंच, तर ती." नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मला त्याची फक्त पाठ दिसत होती.

मला तेव्हा बाईंचा राग आला होता. खरं तेच लिहिते. नऊ वर्षं वाट बघून आलेलं बाळ, आणि ही बाई सरळ मला निवडते. मी तोंड फिरवून घेतलं.

पाचव्या दिवशी यकृताच्या तपासण्या बिघडल्या. बाई म्हणाल्या, आता नाही थांबायचं. शस्त्रक्रियेच्या खोलीत फार थंडी होती. पडद्याच्या पलीकडे सगळे चटचट बोलत होते आणि मग सगळे गप्प झाले. या आजाराइतके गप्प. मी मोजायला लागले, ती जुनी खोड. किती मोजले ते आठवत नाही.

मग ती रडली.

मुलगी. पावणेदोन किलो. उबेच्या पेटीत ठेवलीय. नवरा तिला 'धाकट्या मॅडम' म्हणतो. जावळ नाहीच. टक्कल आहे.

१२ मे

यंत्रदादा भेटायला आले. दारातच उभे. हातात फळांची पिशवी, मान खाली. "ताई, मी तुम्हाला भंगार म्हणालो," एवढंच बोलले. मी म्हटलं, "दादा, मी पण म्हणालेच की. या, बसा."

त्यांच्याकडून कळलं ते लिहून ठेवते, कारण बाई स्वतः कधी सांगणार नाहीत. मला दाखल केलं त्याच संध्याकाळी, घरी न जाता, बाईंनी पाच फोन केले. पहिले तीन, माझ्या "नापास" मशीनांमुळे वाट बघत बसलेल्या बायकांना. तिघींना गाडी पाठवून तपासायला आणवलं. तिघी ठीक होत्या. त्यांचा आकडा नीट आहे हे ऐकून बाई खुर्चीत मागे टेकल्या आणि पाणी मागितलं, असं दादा म्हणाले.

उरलेले दोन फोन, अभ्यासात असलेल्या दुसऱ्या दोन दवाखान्यांना. "आमच्याकडून अशी चूक झाली. तुमच्याकडे कोणी माणूस माप म्हणून वापरत असाल तर आज बंद करा." एका ठिकाणी खरंच तसंच एक मापटं निघालं, कोणी एक नर्स. तिचं सगळं बरं आहे.

मग सोमवारच्या सभेत, पैसे देणारे पाहुणे बसलेले असताना, बाई उभ्या राहिल्या. दादा बोलायला उठले होते, चूक माझी म्हणून. बाईंनी त्यांना बसवलं. "माणसाला माप बनवायची पद्धत माझ्या देखत सुरू झाली. मी हसले. हिला दिवस गेल्यावरही ती चालू आहे का, हे मी विचारलं नाही. चूक माझी आहे, आणि ती शोधनिबंधात छापली जाईल." पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, कशाला, कुठे कोणाला कळणार आहे? बाई म्हणाल्या, "पुढच्या ठिकाणच्या बाईला कळायला हवं ना."

दादा गेल्यावर मी पांघरूण डोक्यावर ओढून रडले. शरमेने नाही. अशा माणसाच्या हाताखाली काम करायला मिळालं म्हणून.

१६ मे

कंडक्टरबाई आली होती, मुलाला काखोटीला मारून. "बाई आल्या ना वेळेवर?" म्हणाली. मी म्हटलं, तुला कसं कळलं? "ताई, बसमध्ये सगळं कळतं," म्हणाली आणि विषय बदलला. कमाल आहे या बाईची. कोण सांगतं हिला एवढं?

तिने धाकट्या मॅडमना काचेतून बघितलं आणि तिकिटं मागायच्या आवाजात ओरडली, "चला, पुढे सरका, मोठ्या व्हा!" नर्स धावत आली.

३० मे

आज आम्ही घरी आलो. दोन किलो शंभर ग्रॅम. सासूबाईंनी दारातच तिला घेतलं आणि रडल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी तेज म्हणत होते गं त्याला." मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. त्यांचं काय चुकलं? सगळं शिकलेली मी होते.

८ जुलै

मोठ्या बाई घरी आल्या. सासूबाईंची तारांबळ, कप बदल, चादर बदल. बाई सरळ माझ्यासमोर बसल्या, गुडघ्याला गुडघा लावून, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी मागणार.

बाळंतपण झालं की हा आजार संपतो असं सगळे समजतात, त्या म्हणाल्या. पण ज्यांना तो झाला त्यांचं हृदय पुढे जास्त थकतं, आणि ते कोणी बघत नाही, कारण बाळ झालं की बाईची तपासणी संपते. नवा अभ्यास सुरू करायचाय. या सगळ्या बायकांच्या मागे वीस वर्षं राहायचं. "तू काम करशीलच. पण मला तू त्यात बाई म्हणूनही हवी आहेस. इच्छा असेल तर. नाही म्हणालीस तरी आपलं काही बिघडत नाही."

मी हिशेब केला. "बाई, वीस वर्षांनी तुम्ही..."

"त्र्याऐंशीची. किंवा नसेन," त्या म्हणाल्या आणि चहा प्यायल्या. "निकाल तू वाच."

स्वतःला बघायला मिळणार नाही अशा निकालासाठी ही बाई या वयात नव्याने सुरुवात करते. मी हो म्हटलं. मनात म्हटलं, वीस काय, तीस वर्षं घ्या.

२६ जुलै

आज सकाळपासून धाकट्या मॅडमचा भोंगा चालू. पोट दुखत असेल, नसेल, काही कळेना. आंघोळ नाही, केस विंचरलेले नाहीत. दुपारी फोन वाजला. बाई.

"आज तुझा आकडा आला नाही."

"बाई, ही थांबतच नाहीये. जरा झोपली की रात्री पाठवते."

"कोणाजवळ आहे ती?"

"सासूबाईंजवळ."

"दूध कधी पाजलंस?"

"आत्ताच. अर्धा तास झाला."

"मग पाच मिनिटं रडू दे. आधी तू."

मला बाईंचा तसाच राग आला, त्या दिवशी पलंगावर आला होता तसा. बोलणं सोपं असतं. आतून तिचा टाहो ऐकू येत होता. मी फोन ठेवला आणि उठून तिच्याकडे निघाले. सासूबाई दारात आल्या, तिला खांद्यावर थोपटत. त्यांनी फोनवरचं सगळं ऐकलं होतं. म्हणाल्या, "मी आहे ना इथे. तू बस." आणि दार ओढून घेतलं.

मी खुर्चीला टेकून बसले. पाय सपाट. पट्टा बांधला. पाच मिनिटं गप्प बसणं म्हणजे काय, हे मला आज कळलं, आणि हॉलभर बायका का हसल्या होत्या तेही. ती रडत होती, माझा पान्हा दाटून आला, अंगावरचा कपडा भिजला, तरी मी हलले नाही. मग बटण दाबलं. पट्टा आवळला, सुटला. आकडा आला. तो मी आधी वाचला, मग पाठवला, आणि मग उठले.